चक्री आणि वादा

तेरखेड्याचे नाव सांगितले, की समोरचा माणूस फटाक्यांची चौकशी करतो. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. इथले फटाक्यांचे कारखाने आणि दुकाने यांमुळे गावाला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणण्याची रीत पडली आहे. बाहेरगावी लग्नाला गेलो तरी जेवणाच्या पंगतीत, "सर, यंदा माल जरा स्वस्तात मिळेल का?" असे कोणी तरी विचारतेच. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, आमच्या कपाटात खडू आणि तपासायच्या वह्या असतात, हे सांगूनही कोणाला खरे वाटत नाही.

या गावात चक्री म्हटले, की भुईचक्र. पण गेल्या काही वर्षांत घरोघर आणखी एक चक्री आली आहे. ती मोबाइलच्या पडद्यावर फिरते. जमिनीवरची चक्री दारू संपली की थांबते. पडद्यावरच्या चक्रीत संपण्यासारखे काही नसते, त्यामुळे ती कितीही वेळ फिरू शकते. शिष्यवृत्तीचा अर्ज, दहावीचा निकाल, रेशनची नोंद, बँकेचे खाते, सगळ्यांच्या दारात ही चक्री उभी आहे. आमच्या लोकांच्या आयुष्यातला किती तरी वेळ आता तिच्याकडे बघण्यात जातो. म्हणून तिच्याविषयी, आणि ती ज्या भाषेच्या जोरावर फिरते त्या जावास्क्रिप्टविषयी, आम्हाला जे कळले ते वाचकांसमोर ठेवतो.

शाळेतला मास्तर या भानगडीत कसा पडला, हे आधी सांगायला हवे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. आमच्या वर्गातल्या बहुतेक घरांत एकच फोन, आणि तो अब्बांच्या खिशात. अब्बा संध्याकाळी घरी आले की मग मुलांची शाळा भरायची. आम्ही धड्यातल्या कठीण उर्दू शब्दांचे एक पान तयार करायचे ठरवले. पडद्यावर एक पत्ता दिसावा, त्यावर उर्दू शब्द; बोट लावले की मराठी अर्थ; पुढे सरकवले की पुढचा शब्द. साधे काम. बी.एड.ला आम्ही अध्ययन-अध्यापनाची साधने हा विषय मन लावून केला होता, हे साधन त्यातलेच समजून कामाला लागलो. ते काम करता करता जी भाषा शिकलो, ती पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडली.

आठवीतल्या दोन मुलींनी एका परीक्षेचा अर्ज भरला. ती परीक्षा उत्तीर्ण झाली तर पुढच्या शिक्षणाला पैसे मिळणार होते. दोघींच्या घरची स्थिती सारखीच. एकीची अम्मी फटाक्यांसाठी कागदाच्या नळ्या वळते, नगावर मजुरी. दुसरी आमच्या शाळेची नव्हे, शेजारच्या गावची, पहिलीची मावसबहीण. पहिलीने अर्ज शाळेत आमच्यासमोर भरला. शेवटचे बटण दाबले. चक्री फिरली, दोन सेकंदांनी थांबली आणि तिच्या जागी मोठी हिरवी बरोबरची खूण उमटली. ती खूण मोठी होत होत पडदाभर पसरली, मग आकसली. पोरीच्या चेहऱ्यावर हसू आले. पण खाली पावतीचा क्रमांक यायला हवा होता, ती जागा रिकामी होती.

संगणकाच्या ब्राउझरमध्ये एक खिडकी असते. पान कोणाकडे काय मागते आहे आणि काय उत्तर येते आहे याची यादी तिच्यात दिसते. आम्ही ती उघडली. अर्ज पाठवल्याची ओळ लाल होती. मागणी पोहोचलीच नव्हती. खूण काढणाऱ्या ओळींचा आणि अर्ज पाठवणाऱ्या ओळींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. बटण दाबल्यावर दोन सेकंद थांबायचे आणि हिरवी खूण काढायची, एवढेच त्या पानाला सांगितलेले होते. आम्ही रात्री अकराला, नेटवर्क मोकळे झाल्यावर, तोच अर्ज पुन्हा पाठवला. क्रमांक आला. तो आम्ही वहीत लिहून घेतला.

मावसबहिणीने मात्र खूण पाहून फोन बंद केला होता. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली तेव्हा तिचे नाव नव्हते. तिचे अब्बा आमच्याकडे आले. भांडायला नव्हे, समजून घ्यायला. "सर, आँखों से देखे हम. बरोबर का निशान आया था." आम्ही काय सांगणार? त्यांनी खूण पाहिली हे खरे होते. खूणच खोटी होती. त्या परीक्षेला आठवीतच बसता येत होते. पुढच्या वर्षी ती नववीत गेली.

ही खोटी खूण कोणी मुद्दाम काढत नाही. ती कशी उमटते हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

ब्रेंडन आइख या माणसाने १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. त्या काळी पान म्हणजे छापील पानासारखेच असे. काही हवे असेल तर अख्खे पान जायचे, पडदा पांढरा व्हायचा आणि नवे पान यायचे. ते कंटाळवाणे होते, पण प्रामाणिक होते. पांढरा पडदा म्हणजे काही आलेले नाही, नवे पान म्हणजे आले. मध्ये तिसरे काही नव्हते. पुढे १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरमध्ये एक सोय आली, की पान जागेवर राहील आणि पाठीमागून गुपचूप हवी तेवढीच माहिती आणली जाईल. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गुगल मॅप्स यांनी ही सोय जगाला दाखवून दिली. २००५ च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या पद्धतीला अजॅक्स असे नाव दिले, आणि ते रूढ झाले.

पान जागेवर राहिले, पांढरा पडदा गेला. मग पाठीमागे काही चालले आहे हे माणसाला कळावे कसे? म्हणून चक्री आली. म्हणजे चक्री हा एक निरोप्या आहे. अडचण अशी, की या निरोप्याचे कामाच्या ठिकाणी जाणे-येणे नाही. आजच्या ब्राउझरमध्ये चक्री फिरवण्याचे काम बहुधा पानाच्या मुख्य कामापासून वेगळे ठेवलेले असते. त्यामुळे मुख्य काम अडकून पडले तरी चक्री झोकात फिरत राहते. आमच्याकडे म्हणतात, इंजिन बंद आणि पंखा चालू.

जावास्क्रिप्ट एका हाताने काम करणारी भाषा आहे. एका वेळी एकच काम. महामार्गावरच्या हॉटेलात एकच पोऱ्या असावा तसे. तो एका टेबलाची ऑर्डर भटारखान्यात सांगतो आणि तिथे उभा राहत नाही. लगेच दुसऱ्या टेबलाकडे वळतो. पहिली थाळी तयार झाली की आतून हाक येते, आणि हातातले काम आटोपून तो थाळी नेतो. मागणी सांगून पुढच्या कामाला लागण्याच्या या रीतीला असिंक्रोनस म्हणतात. उत्तर कधी येईल ते पोऱ्याच्या हातात नाही. तोवर गिऱ्हाइकाने उठून जाऊ नये म्हणून तो टेबलावर पाण्याचा पेला आणि कांदा-लिंबू ठेवतो. पडद्यावरची हालचाल म्हणजे हा कांदा-लिंबू.

तर इथे दोन घड्याळे आहेत. एक हालचालीचे. पत्ता सरकायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागेल, हे आम्ही ठरवतो. दुसरे उत्तराचे. ते क्षणात येईल, वीस सेकंदांनी येईल किंवा येणारच नाही. वाशीला उभे राहिले तर एक वेग, तेरखेड्यात घराच्या आतल्या खोलीत दुसरा, आणि वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी उतरली की तिसराच. ही दोन घड्याळे जुळवणे हेच सगळे काम आहे.

आमच्या शब्दांच्या पत्त्यावर याचे चार प्रकार दिसतात. पहिला, उत्तर लवकर येते. जुना पत्ता अजून सरकतोच आहे आणि त्याच्यावरच नवा शब्द उमटतो. 'किताब' जाता जाता 'कलम' होते, आणि मूल गोंधळते. दुसरा, उत्तर उशिरा येते. जुना पत्ता निघून गेला, नवा आला नाही, मध्ये नुसती पोकळी. तिसरा, उत्तर येतच नाही. चौथा सगळ्यांत फसवा. मुलाने शोधाच्या चौकटीत आधी 'कि' लिहिले, मग 'किताब'. दोन मागण्या गेल्या. दुसरीचे उत्तर आधी आले, पहिलीचे रेंगाळत मागून आले आणि दुसरीच्या डोक्यावर बसले. मूल विचारते किताब, पान दाखवते किशमिश. उत्तर आले, ते खरेही आहे, पण ते आता कोणी विचारलेलेच नाही.

यावर बरेच जण जो उपाय करतात तो अंदाजाचा. दोन सेकंद थांबू, तोवर उत्तर आलेच असेल. जावास्क्रिप्टमध्ये सेट-टाइमआउट नावाची आज्ञा आहे, ती हेच करते. अमुक वेळाने अमुक कर. त्या अर्जाच्या पानावर तेच झाले होते. ज्याने ते लिहिले त्याच्या कार्यालयात उत्तर अर्ध्या सेकंदात येत असणार. त्याच्या टेबलावरून तेरखेडा दिसत नव्हते.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. आयुष्य आतषबाजीच्या कामात गेलेले. त्यांना आम्ही एकदा ही अडचण सांगितली. एक काम संपले की दुसरे सुरू व्हावे, पण पहिले कधी संपेल ते ठाऊक नाही. चाचा म्हणाले, "इसमें क्या मुश्किल? माळ कैसी उडती?" फटाक्यांची माळ घड्याळावर चालत नाही. एकाची आग वातीवरून पुढच्यापर्यंत जाते. वात दमट असेल तर माळ सावकाश उडेल, पण पुढचा फटाका आधीच्याच्या पुढे जाणार नाही. वात तुटली तर माळ तिथेच थांबेल आणि थांबली हे सगळ्यांना दिसेल. नुसत्या अंदाजावर, आता झाले असेल म्हणून जवळ जाणाऱ्या माणसाचे काय होते, हे या गावाला वेगळे सांगायला नको. स्फोटांच्या बातम्या आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. "न उडलेल्या फटाक्यावर वाकून बघू नये," हे आमच्याकडे मुलाला बोलायला लागल्यापासून शिकवतात.

जावास्क्रिप्टमध्ये अशा वातीला प्रॉमिस म्हणतात. शब्द जुना आहे. १९७६ मध्ये डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज या संगणकशास्त्रज्ञांनी तो या अर्थाने वापरला. जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणात तो २०१५ मध्ये आला. त्याआधी जॉन रेसिग यांच्या २००६ मधल्या जेक्वेरी या ग्रंथालयाने लोकांचे बरेच काम सोपे केले होते. हालचाल संपली की पुढचे काम सांगण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती.

प्रॉमिस म्हणजे वादा. आमच्या शिक्षकखोलीत या शब्दावर एक दुपार छान गेली. इंग्रजीत त्याच्या तीन अवस्था सांगतात: पेंडिंग, फुलफिल्ड आणि रिजेक्टेड. उर्दूच्या सरांनी एका दमात तिन्हींना शब्द दिले. पहिला 'मुअल्लक', म्हणजे अधांतरी लटकलेला. दुसरा 'वफा', कारण उर्दूत वादा पूर्ण होत नाही, वफा होतो. तिसरा 'रद्द'. पुढे २०१७ च्या प्रमाणात अवेट हा शब्द आला. उत्तर येईपर्यंत इथे थांब, पण बाकीचे जग थांबवू नको, असा त्याचा अर्थ. त्याला ते म्हणाले, "ये तो मुन्तजिर है." वाट पाहणारा. आमच्या शायरीचा अर्धा संसार ज्या तीन-चार शब्दांवर चालला, ते शब्द एका परक्या यंत्रभाषेत असे रांगेने बसलेले पाहून आम्हाला मौज वाटली. फरक एवढाच, की शायरीतला वादा कितीदाही मोडतो आणि पुन्हा केला जातो. जावास्क्रिप्टचा वादा एकदाच निकाली निघतो. वफा झाला की रद्द होत नाही, रद्द झाला की वफा होत नाही.

आता आमच्या पत्त्याचे काय केले ते सांगतो. पत्ता सरकून बाहेर जाणे हाही एक वादा करता येतो. ब्राउझर हालचाल संपल्याची खबर देतो. नवा शब्द येणे हा दुसरा वादा. दोन्ही एकाच वेळी सुरू करायचे आणि दोन्ही वफा झाल्यावरच नवा पत्ता आत आणायचा. प्रॉमिस-ऑल या आज्ञेचे कामच ते. उत्तर लवकर आले तरी पत्ता जाईपर्यंत थांबते, उशिरा आले तर पत्ता गेल्यावर जागा धरून ठेवली जाते. पोकळी नको म्हणून तिथे फिकट चौकट दाखवायची. चौकटीतली चक्रीसुद्धा लगेच नाही. पाव सेकंदात उत्तर येणार असेल तर चक्री नुसती डोळ्यांसमोर फडफडून जाते आणि मूल दचकते. चौथ्या प्रकारासाठी, नवी मागणी करताना जुनी रद्द करायची सोय ब्राउझरमध्ये आहे. जुन्या मागणीचे उत्तर मग दारातूनच परत जाते.

किती वेळ म्हणजे उशीर, याचाही अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये या विषयावर लिहिले आणि जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये त्याचे तीन आकडे मांडले. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उत्तर आले तर माणसाला ते आपल्याच बोटाने घडल्यासारखे वाटते. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे मन दुसरीकडे जाते. बी.एड.ला अवधानाच्या प्रकरणात जे शिकलो ते इथे असे भेटले. पाठ सांगताना शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून दहा सेकंद काढले, की मागच्या बाकावर काय सुरू होते ते सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे.

एक खाचखळगा मात्र आवर्जून सांगायचा. माहिती आणण्यासाठी आज फेच नावाची जी आज्ञा वापरतात, तिचा वादा समोरून कोणतेही उत्तर आले तरी वफा होतो. समोरचा म्हणाला, "तुमचा अर्ज मिळाला," तरी वफा. समोरचा म्हणाला, "आमचे यंत्र बिघडले आहे, नंतर या," तरीही वफा. कारण उत्तर तर आले! रद्द होतो तो फक्त संपर्कच तुटला तर. पोस्टमनने पाकीट आणले म्हणजे आत होकार आहे असे नव्हे. पाकीट फोडून वाचावे लागते. कित्येक पाने पाकीट हातात पडताच हिरवी खूण काढून मोकळी होतात.

आणखी एक प्रथा आहे. उत्तराची वाट न पाहता काम झाले असे आधीच दाखवायचे आणि फसले तर गुपचूप मागे घ्यायचे. कोणाच्या छायाचित्राला आपण बदाम देतो तेव्हा तो लगेच लाल होतो, तो असाच. तिथे त्याने काही बिघडत नाही. बदाम पोहोचला नाही तर कोणाचे वर्ष वाया जात नाही. अर्जाला, पैशाला आणि निकालाला मात्र ही रीत लावू नये. हा फरक आमच्या चौकातला चहावाला न शिकता जाणतो. २०१६ मध्ये यूपीआय आले, आता त्याच्या टपरीवरही ते चालते. गिऱ्हाईक फोन पुढे करून निळी-हिरवी खूण दाखवते, तर तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही. टपरीच्या कोपऱ्यातल्या डबीतून "दस रुपये प्राप्त हुए" असा आवाज आला, की मगच पेला देतो. त्याला देणाऱ्याच्या पडद्यावरची खूण नको, घेणाऱ्याकडे पोहोचल्याची खबर हवी. आमच्या मते गावातला सर्वांत चांगला प्रोग्रामर तोच आहे.

उर्दूच्या पानाला काही अडचणी अशा आल्या, की ज्यांच्याविषयी इंग्रजी पुस्तकांत फारसे सापडत नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे. आमच्या मुलांच्या पुस्तकाचे पुढचे पान डावीकडून येते. तयार मिळणाऱ्या बहुतेक नमुन्यांत पुढचा पत्ता उजवीकडून येतो. मुले बोट उलट्या दिशेने सरकवत आणि मागचाच शब्द पुन्हा आल्यावर फोनवर रागवत. ती चुकत नव्हती. त्यांचे बोट त्यांच्या लिपीप्रमाणे चालत होते. आम्ही दिशा फिरवली आणि तक्रार संपली. एकेक अक्षर टपटप उमटत शब्द तयार होतो, ती इंग्रजीतली लोकप्रिय हालचालही उर्दूत तशीच चालत नाही. आमची अक्षरे एकमेकांचा हात धरतात, आणि शेजारी कोण आला त्यावर आपले रूप बदलतात. पुढचे अक्षर आले की आधीचे वळवळते. पहिलीच्या मुलाला ते पाहून अक्षरच चुकीचे वाटते. म्हणून आम्ही शब्द अख्खा ठेवला आणि त्यावरचा पडदा उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकवला. रूप शाबूत राहिले आणि लिहिल्याचा भासही झाला.

नस्तालिकचा प्रश्न वेगळा. एके काळी उर्दूचे प्रत्येक पान कातिब हाताने लिहीत. अहमद मिर्झा जमील यांच्या अक्षरांवरून १९८१ मध्ये नूरी नस्तालिक तयार झाले आणि यंत्रावर नस्तालिक छापणे जमले. १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज आले, त्यावर आमच्या पिढीची लग्नपत्रिकांपासून मासिकांपर्यंत सगळी छपाई झाली. आज पानावर नस्तालिक दाखवता येते, पण तो फॉण्टसुद्धा मागवावा लागतो, म्हणजे तीही एक मागणी आणि तोही एक वादा. तो उशिरा आला तर शब्द आधी साध्या नस्खमध्ये दिसतो, मग एकदम झुकतो, ओळ उंच होते आणि पत्ता धक्का बसल्यासारखा खाली सरकतो. फॉण्ट आल्याची खबरही ब्राउझर वाद्याच्या रूपात देतो. ती आल्याशिवाय पहिला पत्ता दाखवायचा नाही, असे आम्ही ठेवले. पण फार वेळ अडवून धरायचेही नाही. तीन सेकंदांत नस्तालिक आले नाही तर त्या दिवशी नस्ख. मुलाला शब्द मिळणे महत्त्वाचे, खत नंतर.

वर्गातल्या एका मुलाला सरकणारी चित्रे पाहून गरगरते. फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग असते आणि पानाला ती वाचता येते. त्याच्या फोनवर पत्ता सरकत नाही, जागच्या जागी बदलतो. त्याच्यासाठी हालचालीचा वादा क्षणात वफा होतो. बाकीच्या ओळी तशाच राहतात. माळ नीट बांधलेली असली की मधला एक फटाका काढून घेता येतो, तो असा.

तिसरा प्रकार शिल्लक राहिला, उत्तर न येण्याचा. त्यावर तंत्राचा उपाय सोपा आहे: दहा सेकंद थांबायचे, मग मागणी सोडून द्यायची, चक्री थांबवायची आणि सांगायचे. कठीण असते ते सांगणे. आमच्या पानावर आधी इंग्रजीतले तयार वाक्य होते, ते कोणी वाचत नसे. मुलांनाच विचारले, काय लिहावे? एक मुलगी म्हणाली, "सर, लिखो, जवाब नहीं आया, तुम्हारी गलती नहीं, फिर से भेजो." आम्ही ते उर्दूत तसेच्या तसे लिहिले, त्यातला एकही शब्द बदलला नाही. पान अडकले की मुले आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या अम्मी, आपल्याच हातून काही बिघडले असे समजून फोन बाजूला ठेवत असत. शाळेची पायरी चढताना जे दडपण असते तेच पडद्यासमोर असते. त्या वाक्यातल्या मधल्या तीन शब्दांनी ते थोडे हलके झाले असावे. आता त्या पुन्हा पाठवतात.

ही भाषा शिकून आम्ही काही मोठे प्रोग्रामर झालो नाही. आठवीची काही मुले शनिवारी शाळा सुटल्यावर थांबतात, त्यांना एका जुन्या संगणकावर थोडे थोडे दाखवतो. पहिल्या दिवशी चक्री फिरवायला शिकवत नाही, थांबवायला शिकवतो. उत्तर आले तर काय, नाही आले तर काय, नकार आला तर काय, असे तीन रकाने आधी वहीत लिहायचे आणि मग संगणकाला हात लावायचा. यातले एखादे मूल उद्या पुण्यात किंवा बंगळूरात बसून कोणाच्या तरी अर्जाचे पान लिहील. त्याच्या टेबलावरून तेरखेडा दिसले पाहिजे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मावसबहीण आता दहावीत आहे, अभ्यासात तरतरीत आहे. तिच्या अब्बांनी परवा फोन केला. कसला तरी अर्ज भरत होते. "सर, निशान आया," म्हणाले, आणि आम्ही काही विचारायच्या आत, "नंबर का इंतजार कर रहे."

अर्जांच्या दिवसांत आमच्या शाळेच्या फळ्यावर एक तक्ता असतो. नाव, तारीख आणि पावतीचा क्रमांक. ज्याचा तिसरा रकाना रिकामा, त्याचा अर्ज गेलेला नाही, मग पडद्यावर काहीही उमटलेले असो. तो तक्ता मुलेच भरतात आणि मुलेच तपासतात. यंदा जुलैत त्यावर एकवीस नावे होती. शेवटचा क्रमांक मुदतीच्या आदल्या रात्री साडेअकराला आला, आणि सकाळी परिपाठाच्या आधी एका मुलीने तो खडूने लिहिला.